खाऱ्या वाऱ्यात वायरलेस चार्जिंग: घ्यायचं का, आणि घेतलं तर कसं वापरायचं

नारळी पौर्णिमा जवळ आली की आमच्या मालवणात होड्यांची डागडुजी निघते, आणि त्याच दिवसांत माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर फोनांची रांग लागते. त्यातला एक फोन अजून डोळ्यांसमोर आहे. एक मच्छीमार भाऊ तो घेऊन आला आणि म्हणाला, "दोन दिवस तांदळात घालून ठेवलेलो, तरी चार्जिंग पकडणा नाय." भिंग लावून चार्जिंगच्या भोकात बघितलं. आतल्या पातळ जिभेवर सोनेरी पट्ट्या असतात, त्या एका बाजूने हिरव्या-काळ्या पडल्या होत्या. दोन पट्ट्या तर जागेवरच नव्हत्या, मिठाने खाऊन टाकल्या होत्या. तळाशी तांदळाची एक कणी रुतून बसली होती.

फोन जुना पण भारीतला होता. मुंबईच्या भावाने नवा घेतला तेव्हा गणपतीत येताना हा जुना गावी आणून दिलेला. त्याच्या पाठीत वायरलेस चार्जिंगची सोय आहे हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. दुकानातल्या वायरलेस पॅडवर, म्हणजे फोन चार्ज करणाऱ्या चपट्या तबकडीवर, फोन ठेवला, चार-पाच सेकंदांत पडदा उजळला आणि बॅटरीचं चिन्ह दिसलं. मच्छीमार भावाने फोन उचलला, परत ठेवला, परत उचलला. "वायरीशिवाय?" त्याला पटायला वेळ लागला.

त्या दिवसापासून दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला मी हेच समजावत आलोय, म्हणून आता लिहूनच काढतो. जाहिराती वायरलेस चार्जिंगला सोय म्हणून विकतात. वायर खुपसायचे दोन सेकंद वाचतात, एवढंच त्यांचं म्हणणं. किनाऱ्यावर राहणाऱ्याने त्याकडे वेगळ्या नजरेने बघायला हवं. इथे त्याचा मोठा उपयोग म्हणजे पावसाळी, खारट दिवसांत फोनच्या भोकात काही खुपसावं लागत नाही. आणि त्याचा मोठा तोटा म्हणजे उष्णता, जी आपल्याकडे मे महिन्यात आधीच भरपूर असते. या दोन गोष्टी लक्षात ठेवल्या की कधी पॅड वापरायचा आणि कधी केबल, हे आपोआप कळतं.

पहिली पायरी: आपल्या फोनला जमतं का ते बघा

पॅड घेऊन आलेले आणि मग फोनला सोयच नाही असं कळलेले लोक मी दर महिन्याला बघतो. आयफोन असेल तर २०१७ साली आलेल्या ८ आणि एक्स या मॉडेलपासून पुढच्या फोनमध्ये ही सोय आहे. सॅमसंगच्या एस मालिकेत २०१५ च्या एस ६ पासून आहे, पण आपल्याकडे जास्त खपणाऱ्या ए आणि एम मालिकांमध्ये नाही. वीस-पंचवीस हजारांखालच्या बहुतेक फोनमध्ये ती नसते. फोनची पाठ धातूची असेल तर विषयच संपला, कारण धातूतून हे काम होत नाही. पण पाठ काचेची आहे म्हणून सोय असेलच असंही धरू नका. कंपनीच्या संकेतस्थळावर तुमच्या मॉडेलच्या माहितीत 'वायरलेस चार्जिंग' हे शब्द शोधा. त्याहून सोपं म्हणजे शेजारीपाजारी कोणाकडे पॅड असेल तर त्यावर फोन ठेवून बघा.

बाजारात एक पातळ चिकटपट्टी मिळते. ती फोनच्या पाठीला, कव्हरच्या आत लावायची आणि तिचं शेपूट चार्जिंगच्या भोकात घालून ठेवायचं, म्हणजे साधा फोनही पॅडवर चार्ज होतो. किनाऱ्यावर मी ती कोणाला देत नाही. शेपूट चोवीस तास भोकात राहतं, त्याच्या कडेने दमट हवा आत जाते आणि आतच कोंडते. ज्या कारणासाठी आपण हे सगळं करतोय, त्याच्या बरोबर उलटं होतं.

दुसरी पायरी: आत काय चालतं ते एकदा समजून घ्या

स्वयंपाकघरात इंडक्शनची शेगडी असेल तर अर्धं तुम्हाला आधीच माहीत आहे. शेगडीच्या काचेखाली तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. त्यातून वेगाने दिशा बदलणारी वीज फिरते, वर बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि त्यामुळे भांड्याच्या बुडातच वीज फिरून ते तापतं. मायकेल फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवून दिलेलं हे तत्त्व. चार्जिंग पॅडमध्येही तसंच वेटोळं असतं, त्याला कॉइल म्हणतात. फरक इतकाच की वर भांड्याऐवजी फोन असतो, आणि फोनच्या पाठीत दुसरी कॉइल असते. खालच्या कॉइलमधली वीज सेकंदाला लाखाहून जास्त वेळा दिशा बदलते, वरच्या कॉइलमध्ये त्यामुळे वीज उत्पन्न होते आणि ती बॅटरीत जाते.

ही शेगडी डोक्यात ठेवा, पुढचे निम्मे नियम तिच्यातूनच निघतात. दोन कॉइल एकमेकींवर नीट बसल्या पाहिजेत आणि मध्ये काही मिलिमीटरपेक्षा जास्त अंतर नको. मध्ये धातू आला तर तो भांड्यासारखा तापणार.

सगळ्या कंपन्यांचे फोन सगळ्या पॅडवर चालावेत म्हणून वायरलेस पॉवर कन्सॉर्शियम ही संघटना २००८ मध्ये उभी राहिली. तिच्या मानकाचं नाव 'ची' (इंग्रजीत Qi). २०२३ मध्ये त्याची पुढची आवृत्ती आली, 'ची २'. तिच्यात चुंबकांचं कडं असतं, त्यामुळे फोन आपसूक बरोबर जागी चिकटतो. ॲपलने २०२० मध्ये आयफोन १२ बरोबर आणलेली मॅगसेफची कल्पनाच तिथे सगळ्यांसाठी खुली झाली. एक लक्षात घ्या, पॅडला भिंतीतल्या प्लगापर्यंत वायर लागतेच. वायरलेस आहे ते फक्त पॅड आणि फोन यांच्यातलं चार मिलिमीटरचं अंतर.

तिसरी पायरी: फायदा नेमका कुठे आहे

हल्लीच्या फोनमधलं टाइप-सी भोक बघा. इवल्याशा जागेत २४ संपर्कपट्ट्या, दोन पट्ट्यांमध्ये अर्ध्या मिलिमीटरचं अंतर. हे भोक दहा हजार वेळा केबल घालण्या-काढण्यासाठी बनवलेलं असतं. दिवसातून तीनदा केबल लावली तरी नऊ वर्षं पुरायला हवं. मग आमच्याकडे दोन-तीन वर्षांत "पिन लूज झाली" म्हणत लोक का येतात?

कारण मीठ. पावसाळ्यात डब्यातले पापड सादळतात, खिडकीच्या गजांना हात लावला की बोट तांबडं होतं, टीव्हीच्या काचेवर चिकट थर बसतो. तोच खारट ओलावा फोनच्या भोकात बसतो. नुसता बसला तर थोडं थोडं नुकसान होतं. पण अशा ओल्या भोकात आपण केबल घालतो आणि वीज सोडतो, तेव्हा शेजारच्या दोन पट्ट्यांमध्ये मिठाच्या पाण्यातून वीज वाहू लागते. शाळेत विद्युत अपघटनाचा प्रयोग केला असेल, तोच इथे अर्ध्या मिलिमीटरच्या अंतरात घडतो. वरचा सोन्याचा मुलामा उडतो, खालचं तांबं उघडं पडतं आणि हिरवं होऊन झिजतं. हे एका रात्रीतही होऊ शकतं.

"माझा फोन वॉटरप्रूफ आहे" असं सांगणारे पुष्कळ भेटतात. आयपी ६८ हे प्रमाणपत्र गोड्या पाण्यातल्या चाचणीवर मिळतं, आणि ते पाणी फोनच्या आत शिरत नाही याबद्दल असतं. भोक उघडंच असतं, त्यात पाणी जातंच. तारकर्लीच्या लाटांमध्ये फोटो काढून झाल्यावर फोन चालू राहतो, आणि संध्याकाळी खोलीवर जाऊन तोच फोन ओल्या भोकाने चार्जिंगला लावला जातो. दुकानात येणारे पर्यटकांचे फोन बहुतेक याच वाटेने येतात.

पॅडवर चार्जिंग केलं की हा धोका टळतो. भोकाला हातच लावावा लागत नाही. टाइप-सीसाठी रबरी बूच मिळतं, दहा-वीस रुपयांचं. भोक पूर्ण कोरडं असल्याची खात्री करून ते बसवा आणि मृग ते हस्त पॅडवरच भागवा. ओल्या भोकावर मात्र बूच लावू नका, ओल आत कोंडेल.

दुसरा फायदा म्हाताऱ्या माणसांचा. आमच्या आळीतल्या एका आजींचे हात थरथरतात आणि एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचं आहे. केबल उलटी-सुलटी करत भोक शोधताना त्यांची रोज तारांबळ व्हायची, कधी जोर लावला जायचा. आता त्या देवघराशेजारच्या फडताळात ठेवलेल्या स्टँडवर फोन टेकवतात. फोन उभा राहतो, मुलाचा व्हिडिओ कॉल आला तर तिथल्या तिथे बोलतात. त्यांच्यासाठी एवढं एक कारण पुरेसं आहे.

होमस्टे चालवणाऱ्यांनाही मी पॅड सुचवतो. पाहुण्याकडे कुठलाही फोन असो, 'ची' असेल तर एकाच पॅडवर चालतो, आणि केबल मागायला रात्री अकरा वाजता कोणी दार वाजवत नाही. एकच अट: पाहुण्यांसाठी साधा प्लगही मोकळा ठेवा, कारण ज्यांच्या फोनला सोय नाही असेच जास्त येतात.

चौथी पायरी: तोटे मान्य करून मगच पैसे घाला

पॅडकडून फोनकडे जाताना विजेचा काही भाग वाया जातो. केबलने जवळजवळ सगळी वीज पोचते. पॅडने साधारण पाव ते एक तृतीयांश वाटेतच जाते, फोन तिरका ठेवला असेल तर आणखी. पहिला प्रश्न येतो बिलाचा, तर तो हिशेब करून टाकू. पाच हजार मिलिअँपिअर-अवरच्या बॅटरीत १९ वॉट-अवर वीज मावते. रोज शून्यापासून पूर्ण भरली तरी वर्षाला बॅटरीत सात युनिट जातात. केबलने त्यासाठी आठेक युनिट लागतील, पॅडने दहा-अकरा. फरक वर्षाला दोन-तीन युनिटांचा. बिलाची काळजी सोडा.

काळजी करायची ती त्या वाया गेलेल्या विजेचं काय होतं याची. तिची उष्णता होते, आणि त्यातली बरीचशी फोनच्या पाठीत, बॅटरीला अगदी चिकटून. लिथियम-आयन बॅटरीला उष्णता सोसत नाही. गरम असताना चार्ज होत राहिली की तिची क्षमता लवकर घटते, आणि ती परत येत नाही. ॲपल आपल्या फोनसाठी ० ते ३५ अंशांची हवा योग्य मानतं. मे महिन्यात आपल्याकडे सावलीतच तेहेतीस-चौतीस होतं, वारा पडलेला असतो आणि अंगातला घाम वाळत नाही. म्हणजे पॅडवर ठेवण्याआधीच फोन मर्यादेच्या उंबरठ्यावर असतो. फोन हुशार असतो, तापला की चार्जिंग कमी करतो किंवा थांबवतो. "रात्रभर ठेवला तरी सकाळी ऐंशीच टक्के" ही तक्रार मे महिन्यात येते, आणि तेव्हा पॅड बिघडलेला नसतो. फोन स्वतःला सांभाळत असतो.

वेगही कमी. साध्या ५ वॉटच्या पॅडवर मोठी बॅटरी भरायला पाच तास सहज लागतात, १५ वॉटवर सव्वादोन-अडीच. हल्लीचे जलद केबल चार्जर तेच काम तासाभरात करतात. बस पकडायची आहे आणि फोन दहा टक्क्यांवर आहे, अशा वेळी पॅडकडे बघू नका.

पॅडवर ठेवलेला फोन हातात घेऊन वापरता येत नाही, उचलला की चार्जिंग बंद. हा तोटा की फायदा, हे घरातली मुलं किती वेळ फोनवर असतात त्यावर अवलंबून आहे.

पाचवी पायरी: खरेदी

इथे सावकाश जा, कारण चुका इथेच होतात.

खोक्यावर 'ची' किंवा 'ची २' प्रमाणित असल्याचं चिन्ह बघा. नुसतं 'ची सोबत चालतो' असं छापलेलं आणि खरं प्रमाणित यात फरक आहे. प्रमाणित पॅडची यादी कन्सॉर्शियमच्या संकेतस्थळावर शोधता येते. प्रमाणित पॅडला मध्ये धातू आल्याचं ओळखून थांबता येतं. स्वस्तातल्या बिननावाच्या पॅडवर मी एकदा विसरलेलं पाच रुपयांचं नाणं बोट भाजेल इतकं तापलेलं बघितलंय.

खोक्यावरच्या मोठ्या आकड्याला भुलू नका. पॅड १५ वॉटचा असला तरी फोन जितकी घेईल तितकीच वीज जाते. चुंबकी नसलेल्या साध्या पॅडवर आयफोन साडेसात वॉटच घेतो. काही कंपन्यांचे पन्नास वॉटचे वायरलेस चार्जर असतात, पण तो वेग त्यांच्याच फोनला आणि त्यांच्याच पॅडवर मिळतो. आमच्या हवेत मी म्हणेन जास्त वॉटच्या मागे लागूच नका. रात्री सात तास झोपणाऱ्या माणसाला साडेसात-दहा वॉट भरपूर झाले, आणि फोनही थंड राहतो.

बहुतेक पॅडबरोबर अडॅप्टर येत नाही. घरात पडलेला जुना ५ वॉटचा अडॅप्टर लावला की पॅड रडतखडत चालतो किंवा दिवा लुकलुकत राहतो, आणि लोक पॅड परत करतात. १५ वॉटच्या पॅडला पीडी (पॉवर डिलिव्हरी) प्रकारचा २० वॉटचा अडॅप्टर घ्या. अडॅप्टरवर बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह आणि 'आर' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असायलाच हवा. बीआयएस केअर या ॲपमध्ये तो क्रमांक टाकला की खरा-खोटा लगेच कळतो. दुकानदारासमोर टाकून बघा, कोणी रागावत नाही.

आकाराचं म्हणाल तर सपाट पॅड सगळ्यात स्वस्त, पण त्यावर फोन थोडा सरकला तरी कॉइल चुकते. रात्री व्हायब्रेट होऊन फोन हळूहळू सरकतो आणि सकाळी बॅटरी होती तिथेच. तुमच्या फोनला चुंबकी सोय असेल तर चुंबकी पॅड घ्या, नसेल तर तिरका स्टँड. आत पंखा असलेले पॅड मात्र समुद्राजवळ घेऊ नका. पंखा खारी हवा आत ओढतो आणि वर्षभरात घरघरायला लागतो, निदान माझ्याकडे आलेले सगळे तसेच आलेत.

चुंबकी पॅडबद्दल एक खास इकडची सूचना. आपल्या किनाऱ्यावर काळी वाळू असते, रत्नागिरीच्या मांडवीची तर प्रसिद्धच आहे. तिच्यात लोहयुक्त खनिजांचे कण असतात आणि ते चुंबकाला चिकटतात. समुद्रावरून आलेला फोन तसाच पॅडवर ठेवला की दोघांच्या मध्ये काळ्या कणांचं कडं तयार होतं. काचेवर ओरखडे पडतात ते पडतातच, कण मध्ये राहून तापतातही. चिकटपट्टीचा तुकडा दाबून उचलला की हे कण निघतात. फडक्याने घासू नका.

सहावी पायरी: फोनची पाठ मोकळी करा

कव्हर काढा आणि मागे काय काय आहे ते बघा. आपल्याकडे पारदर्शक कव्हरच्या आत एक दुनिया असते: घडी केलेली पन्नासची नोट, एटीएम कार्ड, लक्ष्मीचं नाणं, वर्ख लावलेला देवाचा फोटो. नोट आणि साधा कागदी फोटो अंतर वाढवतो, बाकी काही करत नाही. नाणं, वर्ख, तांब्याचं यंत्र हे सगळं तापतं. कार्डाची काळी चुंबकी पट्टी पुसली जाऊ शकते, टेकवून वापरायच्या कार्डातल्या चिपलाही हे क्षेत्र चांगलं नाही. गाडीतल्या स्टँडसाठी पाठीला चिकटवलेली लोखंडी चकती आणि धातूची अंगठी ही तर हमखास सापडतात. देवाचा फोटो कव्हरच्या कडेला, कॉइलच्या जागेपासून दूर, लावता येतो; मी तसा लावून देतो. कव्हर स्वतः तीन मिलिमीटरपेक्षा जाड नको.

घरात कोणाला पेसमेकर बसवला असेल तर हे नीट वाचा. ॲपलची सूचना अशी आहे की चुंबकी फोन आणि चार्जर अशा यंत्रापासून १५ सेंटिमीटरहून दूर ठेवावेत, आणि वायरलेस चार्जिंग चालू असताना ३० सेंटिमीटरहून दूर. म्हणजे उशीशेजारी पॅड नको, आणि चुंबकी फोन शर्टाच्या वरच्या खिशात नको. डॉक्टरांना एकदा विचारूनच घ्या.

सातवी पायरी: जागा ठरवा

पॅडसाठी कोरडी, हवेशीर, लाकडी जागा शोधा. पडवी आणि ओटी नको, तिथे खारा वारा थेट येतो आणि पावसाचे शिंतोडेही. माजघरातलं फडताळ किंवा टेबल उत्तम. फ्रिजच्या डोक्यावर ठेवू नका, तिथे गरम हवा असते. गादी, उशी, सोफा यांवर तर नाहीच, कापसात उष्णता अडकते. सकाळचं ऊन खिडकीतून टेबलावर येतं का तेही बघा.

पॅडची केबल एकदा लावली की काढू नका. पॅडलाही टाइप-सीचं भोक असतं आणि तेही गंजणार आहे. पण पाऊण-एक हजाराच्या पॅडचं भोक गंजलं तर सोसता येतं, फोनचं नाही.

मग पहिल्या दिवशी चाचणी घ्या. झोपताना नको, दिवसा, जागेपणी. फोन ठेवा, किती टक्के आहे ते कागदावर लिहा. अर्ध्या तासाने पाठीला तळहात लावा. कोमट असेल तर ठीक. हात लावून ठेवावासा वाटत नसेल इतका गरम असेल तर कव्हर काढून पुन्हा चाचणी घ्या. तरी तसाच तापत असेल तर फोन नीट मध्यभागी बसत नाहीये किंवा पॅड खराब आहे. बरोबर जागा सापडली की पॅडच्या कडेला खडूने किंवा रंगीत पट्टीने खूण करा. घरातल्या वडीलधाऱ्यांना ती खूण फार उपयोगी पडते.

आठवी पायरी: ऋतूप्रमाणे वापर बदला

जून ते ऑक्टोबर पॅडच मुख्य ठेवा. हवा ओली असली तरी तापमान उतरलेलं असतं, त्यामुळे पॅडचा तोटा कमी आणि फायदा जास्त. विजा कडाडू लागल्या की पॅडचा प्लग काढा. फोन वायरीला जोडलेला नाही म्हणून निर्धास्त राहू नका, पॅड आणि अडॅप्टर जळू शकतात.

मार्च ते मे केबल बरी. भोक कोरडं असतं, आणि केबलने फोन कमी तापतो. पॅडच वापरायचा असेल तर पहाटे पंख्याखाली वापरा, कव्हर काढून.

मुंबई-गोवा महामार्गावर गाडीत काचेला लावलेल्या वायरलेस स्टँडवर मे महिन्यात फोन ठेवू नका. वरून ऊन, आत नकाशा चालू, पाठीत कॉइल तापलेली, आणि कशेडी घाट येईपर्यंत फोन तापल्याची सूचना देऊन बंद. स्टँड एसीच्या झरोक्यावर लावा नाहीतर केबल वापरा.

आणि वीज गेली असेल तेव्हा पॅड विसरा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडच्या गावांनी कित्येक दिवस अंधारात काढले. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्तेने आम्हाला तोच अनुभव दिला. अशा वेळी पॉवर बँकेतला प्रत्येक थेंब मोलाचा असतो. दहा हजार मिलिअँपिअर-अवरच्या पॉवर बँकेतून पाच हजारांच्या बॅटरीचा फोन केबलने सव्वा ते दीड वेळा भरतो. वायरलेसने जेमतेम एकदा. एका फोनच्या पाठीवर दुसरा ठेवून उलटं चार्जिंग करायची सोय तर आणखी उधळी, ती कानातल्या बड्सच्या डबीपुरतीच ठेवा. वादळाची सूचना आली की आदल्या दिवशीच पॉवर बँक भरा आणि एक चांगली केबल प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून ठेवा.

घड्याळं आणि बड्स यांच्याबद्दल थोडक्यात: बड्सच्या काही डब्या 'ची' पॅडवर चालतात, खोक्यावर बघून घ्या. ॲपलच्या घड्याळाला त्याचाच चुंबकी चार्जर लागतो, फोनच्या पॅडवर ते होत नाही. तीन-इन-वन स्टँड घेताना तुमचं घड्याळ त्यात बसतं का हे विचारा, नाहीतर तिसऱ्या भागाचे पैसे पाण्यात.

नववी पायरी: फोन भिजला तर

भोकात ओल असल्याची सूचना पडद्यावर आली तर केबल काढा. भोकाचं तोंड खाली करून फोन तळहातावर हलकेच आपटा. समुद्राचं पाणी असेल तर गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने बाहेरून पुसा, मग कोरड्याने. पंख्याच्या वाऱ्यात किमान अर्धा तास उभा ठेवा. पूर्ण वाळायला एक दिवसही लागतो. हेअर ड्रायर नको, कापूस किंवा काडी खुपसणं नको. तांदूळही नको: त्याने ओल शोषली जात नाही आणि पीठ व कण्या आत जातात. फार घाई असेल तर पाठ कोरडी करून पॅडवर ठेवा, तेवढं चालतं. खाऱ्या पाण्यात बुडालेला फोन मात्र बंद करून त्याच दिवशी दुरुस्तीला आणा. आम्ही आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने मीठ काढतो, आणि पहिल्या दिवशी ते निघतं. आठवड्याने फक्त गंज निघतो.

आठवड्यातून एकदा पॅड प्लग काढून ओलसर आणि मग कोरड्या फडक्याने पुसा. तेव्हाच फोन सपाट पॅडवर पालथा-उताणा ठेवून बघा. कॅमेऱ्याचा उंचवटा बाजूला राहील असा ठेवल्यावरही पाठीवर डुगडुगत असेल तर बॅटरी फुगू लागली आहे. तो फोन त्या क्षणापासून कशावरही चार्ज करू नका, टोचू नका, दाबू नका, दुकानात आणा.

त्या मच्छीमार भावाचा फोन वर्षभर पॅडवरच चालला. पण मागच्या पावसात तीन दिवस वीज नव्हती. शेजाऱ्याच्या पॉवर बँकेला केबल होती, आणि याच्या भोकात पट्ट्याच नव्हत्या. चौथ्या दिवशी तो दुकानात आला. आता त्याच्यासाठी चार्जिंगचा सब-बोर्ड, म्हणजे भोक असलेला आतला छोटा भाग, मागवलाय, पार्सल कणकवलीपर्यंत आलंय. बसवून झाला की रबरी बूच लावून देणार आहे.